मागचं चाक

ग्वाचोचीत, पंक्चरवाल्याच्या वळणावर
माझं दुकान: एक ओंडका, रापी, आरी
आणि मेलेल्या टायरांची चळत.
गाड्या थांबतात हवा भरायला,
माणसं पायताणाला.

शनिवारी चिवावाहून एक दातांचा डॉक्टर आला.
डोंगरात पळायचं म्हणाला, अनवाण्यासारखं,
पण अनवाणी नको.
खिशातून मोजपट्टी काढली. चार मिलिमीटर की सहा?
म्हटलं, उभे राहा, डोळे मिटा.
जमिनीवर मक्याचा दाणा ठेवला, वर टायरचा तुकडा,
त्यावर त्याचं पांढरं पाऊल.
लागतोय?
नाही.
तासलं थोडं. आता?
कळतोय. टोचत नाही.
झालं मग, हेच तुमचं माप.
दोन जोड घेऊन गेला,
जाताना पावती मागितली.

एलेउतेरियाकडे मोजपट्टी नव्हती.
ती अख्खं टायर घेऊन आली, उतारावर घरंगळत,
चढावर खांद्याला अडकवून, दीड दिवस.
"यातलंच काप."
मागच्या जोडचाकातलं, आतलं.
नक्षी गुळगुळीत, कडेची तार दात विचकून बाहेर.
म्हटलं, पोरी, रापी खाईल हे माझी.
ते बघ छोट्या गाडीचं मऊ रबर,
पायाला कळणारसुद्धा नाही घातलंय म्हणून.
ती ओंडक्यावर बसून राहिली.

या ट्रकातून तिचा बाप क्वाउतेमोकला गेला होता
सफरचंदं तोडायला. तीन हंगाम झाले.
ट्रक आला परत, भंगारात.
"याला वाट ठाऊक आहे," म्हणाली.
जायची की यायची
ते मी विचारलं नाही.

पुठ्ठ्यावर तिचा पाय ठेवून कोळशानं कड ओढली.
कोळसा चवड्याशी आला की सगळे हसतात, गुदगुल्या होतात.
ती नाही हसली.
डावा पाय तिळभर मोठा. अंगठ्याशेजारचं बोट पुढं डोकावणारं.
मधला पट्टा सुती दोऱ्याचा निघाला, जुन्या घडणीचा,
तार फक्त कडेला. रापी वाचली.
तासत गेलो.
"अजून."
खडे मोजशील एकेक.
"मोजीन."
भाकरीएवढा झाला तळ. तिनं मुठीत वळवून पाहिला,
सोडला, तो उलगडला.
मग तीन भोकं, बकऱ्याच्या कातड्याची वादी.
एवढंच बजावलं: गाठ तळाला येते, तीच आधी झिजते,
वादी हातभर जास्त बांधून ठेव घोट्याला.

रविवारी बायकांची शर्यत.
पैजेला घागऱ्यांचं कापड, साबण, एक शेळी.
मी माझी दोन नंबरची रापी लावली तिच्यावर.
काठीनं कडं भिरकवायचं, त्यामागं धावायचं,
ओढ्याच्या दगडापर्यंत जायचं, वळायचं, यायचं,
अंधार पडला की देवदाराच्या ढलप्या पेटवून.
मध्यरात्री एकदा ती माझ्यासमोर थांबली,
भाजल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून प्याली,
गाठ पाहिली, गेली.
तिसरी आली.
रापी गेली माझी. चांगली होती.

उजाडल्यावर वाटेवरून चालत निघालो.
सगळ्यांच्या पावलांत तिची ओळखू येत होती:
डाव्या तळाला नक्षीची एक नागमोडी खाच राहिली होती,
माझ्याच हातून, तासताना.
धुळीत ती खाच इकडे तोंड करून, तिकडे तोंड करून,
एकावर एक, इतक्यांदा,
की गेलेलं पाऊल कुठलं नि आलेलं कुठलं
मला काही सांगता येईना.

डॉक्टरचा निरोप आला, पोटऱ्या दुखतात.
कळवलं: हळू पळा. आधी चाला.

एलेउतेरियाचं उरलेलं टायर पडून आहे.
अजून सहा जोड सहज निघतील.
गिऱ्हाईक त्याकडेच बोट दाखवतं, का कोण जाणे.
मी म्हणतो, त्यात तार आहे.